मापाची काठी
(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवेदकांनी माझं नाव पुकारताना ‘आपली वर्गमैत्रीण, जी सॉफ्टवेअरमध्ये आहे’ असं सांगितलं, तेव्हा पुढच्या दोन-तीन बाकांवरचे चेहरे पडलेले मला दिसले. घाबरू नका, मी कॉम्प्युटरबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे गोल्फबद्दल. आता उरलेलेही चेहरे पडले!

मला कल्पना आहे, आपल्या गावात गोल्फचा आणि कुणाचा काही संबंध नाही. आपल्याकडे विटी-दांडू होता, लगोरी होती आणि पी.टी.च्या तासाला मैदानाला तीन फेऱ्या होत्या. त्या फेऱ्यांमध्ये मी कायम शेवटची आणि प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली. कारण तुम्हाला माहीत आहे. रांग उंचीप्रमाणे लागायची. दहावीला माझी उंची चार फूट अकरा इंच होती आणि आज छत्तिसाव्या मजल्यावरच्या ऑफिसात बसत असले तरी ती तेवढीच आहे.

सांगलीहून इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागले. चाळिशी जवळ आली तशी पाठ धरायला लागली. डॉक्टर म्हणाले, खुर्ची सोडा, काहीतरी खेळा. ऑफिसातला एक सहकारी गोल्फ खेळायचा. नवा सेट घेतला म्हणून त्याने जुना मला देऊन टाकला. मी रविवारी सकाळी सरावाच्या मैदानावर जाऊ लागले. तिथे बादलीभर चेंडू मिळतात आणि समोर अंतराच्या पाट्या असतात. आपण फक्त मारत राहायचं.

माझा चेंडू डावीकडे जायचा. सरळ नेम धरला तरी डावीकडे. शिकवणारे म्हणायचे, मॅडम, डोकं वर करता. मग म्हणाले, मनगट लवकर वळवता. मी मनगटं आवळून धरायला लागले. वर्षभरात पाठ बरी झाली आणि मनगट दुखायला लागलं. चेंडू डावीकडेच. मी मनाशी ठरवून टाकलं की खेळ आपल्याला जमत नाही. शाळेतही जमत नव्हता. नवीन काय त्यात?

पुढे कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं जपानमध्ये कोबेला राहिले. कोबेच्या मागे रोक्को नावाचा डोंगर आहे. त्याच्यावर आर्थर ग्रूम नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने गोल्फचं मैदान केलं आणि १९०३ साली तिथे जपानमधला पहिला गोल्फ क्लब सुरू झाला. म्हणजे गोल्फ मला तिथेही सोडेना. कोबेहून पश्चिमेला हिमेजी. तिथला पांढरा किल्ला तुम्ही चित्रात पाहिला असेल. हिमेजीहून उत्तरेकडे जाणारी एक छोटी रेल्वेलाइन आहे, तिच्यावर इचिकावा नावाचं गाव लागतं. तिथल्या एका स्टेशनचं नाव अमाजी. ते ज्या दोन अक्षरांत लिहितात, त्याच दोन अक्षरांत चिनी लोक ‘गांधी’ लिहितात! माझ्या एका जपानी सहकाऱ्याने हे सांगून मला तिकडे नेलं आणि मग हळूच म्हणाला, आता आलोच आहोत, तर लोहाराकडे जाऊ.

इचिकावा आणि हिमेजीचा परिसर हे जपानमधल्या घडवलेल्या आयर्नचं माहेर. गोल्फच्या ज्या काठीला पुढे लोखंडाची तिरपी फळी असते तिला आयर्न म्हणतात. बाजारातली बहुतेक आयर्न ओतीव असतात. पोलाद वितळवून साच्यात ओततात. इचिकावाची ख्याती घडीव आयर्नची. आपल्यातला एक मित्र फोर्जिंगच्या धंद्यात आहे, तो मागच्या रांगेत बसून आत्ताच मान डोलावतोय. त्याला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते.

मऊ कार्बन पोलादाची गोल कांब घेतात. कार्बन फार थोडा, शेकडा पाव टक्का किंवा त्याहून कमी. तिचा वीतभर तुकडा भट्टीत नारिंगी होईपर्यंत तापवतात, म्हणजे साधारण बाराशे अंश सेल्सियस. मग साच्यावर ठेवून यांत्रिक घणाचे ठोके देतात. पहिल्या ठोक्यांत नुसता आकार येतो. आपल्या मुदाळ्यातून सारण बाहेर यावं तसा कडेने जादा धातू बाहेर येतो, तो कापून टाकतात. पुन्हा तापवतात, पुन्हा बारीक साच्यात ठोकतात. मग मानेला भोक पाडतात, कारण तिथे दांडा बसायचा असतो. फळीवर आडव्या खाचा उठवतात. त्यानंतर खरं काम सुरू होतं. एक माणूस घासपट्ट्याच्या यंत्रापुढे बसतो आणि ते लोखंड हाताने घासत जातो. मध्येच वजनकाट्यावर ठेवतो. पुन्हा घासतो. सात नंबरच्या आयर्नचं डोकं साधारण पावणेतीनशे ग्रॅमचं असतं, आणि हा माणूस एक-दोन ग्रॅमचा हिशेब ठेवून घासत होता.

मला आजीची आठवण झाली. आजी दुसऱ्याच्या खुरप्याने कधी खुरपायची नाही. लोहाराच्या पालावर गेली की लोहार आधी तिला उकिडवं बसायला लावायचा, हात बघायचा आणि मग मूठ किती आणि वाक किती हे ठरवायचा. ‘हाताला बसलं पाहिजे’ एवढाच तिचा शब्द. मला ते तेव्हा म्हातारीचे लाड वाटायचे.

त्या वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात जाळी लावून चेंडू मारायची जागा केली होती. तिथले वयस्कर फिटर मला म्हणाले, मारून दाखवा. मी आधीच सांगून टाकलं, ‘माझा चेंडू डावीकडे जातो. डोकं वर होतं माझं.’ ते काही बोलले नाहीत. मला ताठ उभं केलं आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. जमिनीवर एक कडक पाट ठेवला, माझ्या आयर्नच्या तळाला चिकटपट्टी लावली आणि पाटावरून दहा चेंडू मारायला सांगितले. मग काठी उलटी करून मला पट्टी दाखवली. दहाही ओरखडे एकाच जागी होते. तळाच्या मध्यावर नाही, टाचेकडे.

त्यांनी जे सांगितलं ते सहकाऱ्याने मला इंग्रजीत सांगितलं, मी तुम्हाला मराठीत सांगते. ‘ओरखडे इकडे-तिकडे पसरलेले असते, तर मी म्हटलं असतं, अजून सराव करा. तुमचे ओरखडे एका जागी आहेत. म्हणजे तुम्ही दर वेळी तेच करताय. काठी तुमच्या मापाची नाही.’

गंमत बघा, मी इंजिनिअर. मोजमापात दोन प्रकारच्या चुका असतात, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. एक विखुरलेली चूक, कधी इकडे कधी तिकडे. आणि दुसरी, दर वेळी त्याच बाजूला तेवढीच होणारी. दुसरी चूक दिसली की आधी उपकरण तपासायचं. वीस वर्षं मी हे प्रोग्रॅमच्या बाबतीत करत आले आणि स्वतःच्या बाबतीत एकदाही केलं नाही.

मग मी हिशेब मांडला. आयर्नचा दांडा जमिनीशी जो कोन करतो त्याला ‘लाय’ म्हणतात. सात नंबरला तो साधारण ६२ अंश असतो. काठी उंच पुरुषाच्या मापाची आणि धरणारी मी. माझे हात खाली, त्यामुळे काठीचं नाक वर उचललं जायचं. माझ्या बाबतीत सुमारे चार अंश. चार अंशांनी काय होतं? फळी आकाशाकडे बघत असते, सात नंबरची साधारण ३४ अंश. ती कलली की वर बघणारी फळी थोडी डावीकडे बघायला लागते. त्रिकोणमिती केली तर पावणेतीन अंश येतात. शंभर मीटरवर साडेचार-पाच मीटर डावीकडे. गणिताच्या बाई इथे बसल्या आहेत, त्यांनी पडताळून पाहावं! आणि फळी जेवढी जास्त उताणी, तेवढी चूक मोठी. ५६ अंशांच्या वेजला तेच चार अंश दहा मीटर चुकवतात. म्हणूनच माझे जवळचे फटके लांबच्या फटक्यांपेक्षा वाईट असायचे. मला वाटायचं, जवळ आले की मी घाबरते.

मी सहा आयर्न करून घेतले. किंमत विचारू नका, महिन्याच्या घरभाड्यापेक्षा जास्त होती. दांडा एक इंच आखूड केला, त्याने चारातले दोन अंश गेले. उरलेल्या दोन अंशांसाठी डोकं शिकंज्यात धरलं, मानेला लांब दांडी अडकवली आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एक झटका दिला. मोजलं, पुन्हा अगदी हलका झटका. घडीव मऊ पोलादाचा हाच फायदा, ते एक-दोन अंश निमूट वाकतं. ओतीव कडक पोलाद एवढं ऐकत नाही. आखूड काठी हाताला हलकी लागते, म्हणून माझी डोकी दहा-बारा ग्रॅम जड ठेवली, म्हणजे तेवढं कमी घासलं. दांडा कमी ताठ घेतला, मूठ बारीक केली.

घडीव आयर्नने चेंडू लांब जातो का? नाही. फळी आणि चेंडूची भेट असते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. ‘काय मऊ लागतो!’ असं जे खेळणारे म्हणतात, त्यात आवाजाचा वाटा मोठा असतो. कारस्टेन सोल्हाइम नावाचा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गोल्फ शिकायला लागला, त्याला बाजारातल्या काठ्या पटेनात, म्हणून त्याने स्वतः बनवल्या आणि त्यातून पिंग ही कंपनी उभी राहिली. तिची बहुतेक आयर्न ओतीवच. पण कुणाला किती कोनाची काठी लागते हे कळावं म्हणून त्या कंपनीने काठीवर रंगीत ठिपके द्यायला सुरुवात केली. म्हणजे घडीव की ओतीव हा प्रश्न नंतरचा. माप आधी.

नव्या काठ्यांनी माझा चेंडू सरळ गेला का? गेला. पण सगळे नाही. दहातले चार अजूनही इकडे-तिकडे जातात, कारण डोकं मी खरंच वर करते. ते माझं आहे, त्याला सरावच हवा. फरक एवढाच की आता कुठली चूक माझी आणि कुठली काठीची, हे मला कळतं. मनगटाचं दुखणं गेलं.

एवढ्यावर भाषण संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती इथेच सांगावीशी वाटते.

जपानला जाण्याआधी माझ्या टीममध्ये एक मुलगा होता. परभणीकडचा, आपल्यासारखाच मराठी शाळेतला. त्याचा प्रोग्रॅम स्वच्छ असायचा, पण मीटिंगमध्ये त्याला उभं केलं की तो गप्प व्हायचा. दर वेळी. मी त्याच्या वार्षिक मूल्यमापनात लिहिलं, ‘संवादकौशल्य कमी, आत्मविश्वासाचा अभाव.’ दोनदा लिहिलं. सहा महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला. इचिकावाहून परतताना गाडीत तो मला आठवला. त्याचे ओरखडे एकाच जागी होते. मी काठी तपासली नव्हती. खरं तर काठी मीच होते.

परत आल्यावर त्याचा नंबर शोधून फोन केला. तो चांगल्या जागी आहे. मी माफी मागितली, तर म्हणाला, ‘मॅडम, तेव्हा मलाही वाटायचं की माझ्यातच काहीतरी कमी आहे.’ त्यावर मला काही बोलता आलं नाही. गेलेली दोन वर्षं त्याला परत देता येत नाहीत. आता आमच्याकडे प्रत्येकाने आपलं म्हणणं आदल्या दिवशी लिहून द्यायचं, मग बसून बोलायचं, आणि ज्याला ज्या भाषेत नीट सांगता येईल त्या भाषेत सांगायचं, असं आहे. गप्प बसणारी दोन-तीन माणसं बोलायला लागली. सगळी नाही.

आपल्या वर्गातही काही जण मागच्या बाकावर बसून ‘आपल्याला नाही जमत’ म्हणत बाहेर पडले. त्यातले काही आज आले आहेत, काही बोलावूनही आले नाहीत. माझ्या वहीतून उत्तरं उतरवून घेणाऱ्यांना मीही तेव्हा ‘ढ’ म्हटलेलं आहे. तुम्ही विसरला असाल. मी विसरले नाही.

सर, बाई, तुम्ही एकेका वर्गात साठ-साठ जणांना एकाच खडूने शिकवलंत. प्रत्येकाचं माप घ्यायला तुम्हाला वेळच कुठे होता! तरी चित्रकलेच्या सरांनी मला फळ्यापर्यंत हात पोचेना म्हणून पायाखाली लाकडी खोकं आणून दिलं होतं. तुम्हाला आठवत नसेल, सर. त्या खोक्यावर उभं राहून मी पहिल्यांदा फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आकृती काढली.

सात नंबरचं आयर्न मी आज सोबत आणलं आहे. जेवणानंतर मैदानावर या, हातात धरून बघा. तुमच्या मापाचं नाही, त्यामुळे चेंडू वाकडा गेला तर वाईट वाटून घेऊ नका. फक्त मुख्याध्यापकांच्या खोलीच्या काचा तेवढ्या सांभाळा.