रंग नंतर बघा

श्रोतेहो, चार मिनिटांत चित्रकथीबद्दल, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या कलेबद्दल बोला, असं मला सांगितलंय. मी त्यातल्या फक्त रेघेबद्दल बोलणार आहे. रंगांचं कौतुक करायला बाकीचे आहेत.

कुडाळजवळच्या पिंगुळीची, ठाकर मंडळींची चित्रं तुम्हाला ठाऊक आहेत. तिथले चित्रकथीकार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पेपरात फोटोही आले होते. चित्र दाखवलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला : रंग नैसर्गिक का हो? असतील. आधी रेघ बघा.

मी उल्हासनगरला कॅम्प पाचात राहतो. आमच्याकडे गल्लोगल्ली जीन्स शिवतात. शर्टाची शिलाई आत दडवायची असते, जीन्सची मुद्दाम वर. जाड पिवळा धागा, दुहेरी. ती शिलाई कापडही धरते आणि खिसा कुठे सुरू झाला, पाय कुठून वळला, हे लांबून सांगतेही. चित्रकथीतली काळी रेघ अशीच, अंगावर मिरवणारी शिलाई. आमचा कारागीर खिशाच्या वळणावर मशीन हळू चालवतो, आणि कोपऱ्यावर, जिथे हात घालून घालून कापड उसवणार, तिथे दाट टाके मारतो. चित्रातही ताण कुठे पडणार ते बघा. डोळ्यात, धनुष्याच्या दोरीत, पुढे केलेल्या बोटात.

बभ्रुवाहन आणि अर्जुनाचं युद्ध घ्या. बाप आणि मुलगा समोरासमोर. चेहरे बाजूने काढलेले, डोळा मात्र पुरता, समोरून दिसावा तसा आणि केवढा तरी मोठा. पापणीची ती एक रेघ झाकून बघा. शस्त्रं, मुकुट सगळं जागच्या जागी राहतं, पण भांडण संपतं! पुण्याच्या केळकर संग्रहालयात चित्रकथीची पैठण शैलीतली चित्रं आहेत. तिथे गेलात तर हे करून बघा. (बोट काचेला लावू नका.)

बरं, रेघ इतकी ठसठशीत का? कारण हे भिंतीवरचं चित्र नव्हेच. रात्रीची वेळ, देऊळ, दिव्याचा उजेड. वीणा, टाळ आणि हुडूक या वाद्यांच्या साथीने कथा चाललेली. पान उलटलं की पुढचा प्रसंग. मागच्या ओळीतल्या म्हातारीला छटाबिटा काय दिसणार? तिला रेघ दिसायची. म्हणून पुन्हा सांगतो, रंग नंतर.

आणि पालकहो, थोडं रागावतो. मुलं चित्र रंगवतात आणि शेवटी काळ्या स्केचपेनने सगळीकडून एकसारखी आउटलाइन फिरवतात. डोंगराला तीच, आजीच्या गालालाही तीच. ती रेघ नाही, कंपाउंड वॉल आहे. घरात कोणी शिवणकाम करत असेल तर पोराला शेजारी बसवा, हात कुठे सैल पडतो, कुठे दाबतो, ते बघू द्या.

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याच्या खुणा होताहेत. वारली चित्रं राहिलीच. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं मासे पकडायचं जाळं आठवा, पांढऱ्या बारीक रेघांचं. तिथे शिलाईचा दाखला चालत नाही, कारण तिथे रेघ कडेला नाहीच, तिथे रेघच कापड आहे, म्हणजे असं बघा की... बरं, थांबतो.