वाहता स्फटिक आणि क्ष-किरण

१८८८ सालीं प्राग येथें फ्रीड्रिख रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलचें एक संयुग तापवीत होता. १४५·५ अंश सेंटिग्रेडला तें वितळलें खरें, पण झाला द्रव दुधासारखा गढूळ. १७८·५ अंशांवर तो एकाएकीं निर्मळ झाला. एका पदार्थाला दोन वितळबिंदू! गुस्ताव्ह टामान या नामांकित रसायनज्ञांनीं असल्या गढूळ द्रवांना अशुद्ध मिश्रण ठरविलें. ओटो लेमान यांना मात्र सूक्ष्मदर्शकांत वाहता स्फटिक दिसला. दोघेही थोर, निवाडा कोणीं करावा?

तो क्ष-किरणांनीं केला. १९२३ सालीं मॉरिस द ब्रॉग्ली व एदमों फ्रीदेल यांनीं साबणाच्या जातीच्या कांहीं द्रवस्फटिकांवर ते किरण सोडले, तों फोटोच्या कांचेवर रेखीव कडीं उमटलीं. म्हणजे रेणूंचे थर सारख्या अंतरानें रचलेले! मिश्रणास ही शिस्त कोठून यावी?

कांहीं पदार्थांत हें स्थित्यंतर पायरीपायरीनें पाहतां येतें. उष्णमान वाढवीत नेलें कीं थर मोडतात व आंतलें ठळक कडें नाहींसें होतें. रेणू मात्र शेतांतील धाटांप्रमाणें एकाच रोखानें उभे राहतात. आणखी तापवितां तोही रोख सुटतो. कांचेवर उरतें एक फिकट, रुंद कडें. मग द्रव हळूहळू निवूं द्यावा: थर पुनः जुळतात आणि तेंच कडें पूर्वींच्याच जागीं पुनः उमटतें.