प्र. इ.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या शेजारी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. गाव नगर, तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं आणि पुढे या शहरात मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या पिढ्या नांदल्या. गुरुजींचं घर त्यांतलंच एक. त्यांच्या अंगणातली जाई आमच्या भिंतीवर चढते आणि ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचं पहिलं पातेलं त्यांच्या घरी जातं.

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमधली वर्षअखेरची उपासना आटोपून गुरुजी घरी येतात आणि झोपण्यापूर्वी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर वर्षाचे बेत लिहून काढतात. दुसऱ्या दिवशी मी केक खायला गेलो की ती डायरी माझ्यापुढे ठेवतात. पावसाळ्याआधी गळती काढणे, धाकटीच्या लग्नाची खटपट, दोन शेळ्या घेणे, असे दहाबारा बेत असतात आणि प्रत्येकापुढे दोन अक्षरं : प्र. इ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा शिक्षण खात्यातला काही शेरा असावा. विचारलं तर म्हणाले, "प्रभूची इच्छा असेल तर. तुमचं इन्शाअल्लाह, तेच रे हे."

तेच खरं. पण माझ्या तोंडी आणि त्यांच्या वहीत ते एकच होतं का, हा प्रश्न मला बरीच वर्षं सतावतो आहे.

कुराणातल्या 'गुहा' नावाच्या अध्यायात बजावलं आहे की, 'मी हे उद्या करीन' असं नुसतं म्हणू नका, ईश्वराची इच्छा असेल तर, हे जोडा. लहानपणापासून ते आमच्या जिभेवर बसलेलं. कवी माणसाच्या जिभेवर तर फारच सैल. कार्यक्रमाचं निमंत्रण आलं, जायची इच्छा नाही, तर इन्शाअल्लाह. उसने पैसे कधी देणार, इन्शाअल्लाह. माझी मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा म्हणाली, "अब्बा, तुम्ही इन्शाअल्लाह म्हणालात ना, की आम्ही समजतो, हे काम काही होत नाही." घरात सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप लागेना. ज्याच्या नावानं शब्द पक्का करायचा, त्याच्याच नावाची मी पळवाट केली होती.

गुरुजींच्या 'प्र. इ.'चं मूळ बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे. इंग्रज लोक पत्रातल्या बेतापुढे 'डी. व्ही.' लिहीत, म्हणजे लॅटिनमध्ये 'देवाची इच्छा असल्यास', त्याच्या मागेही तीच शिकवण. मी साधा बी.ए. झालेला माणूस, धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. पण ते पत्र मी गुरुजींच्या बायबलमधून वाचलं. छोटंसं पत्र आहे आणि भाषा मोठी रोखठोक. याकोब बोलतो आहे व्यापाऱ्यांशी. अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, धंदा करू, नफा मिळवू, असे बेत आखणारी ही मंडळी. तो त्यांना विचारतो, उद्या काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे का? तुमचं आयुष्य क्षणभर दिसून विरणाऱ्या धुक्यासारखं. तेव्हा प्रभूची इच्छा असेल तर आम्ही जगू आणि हे किंवा ते करू, असं म्हणा.

बहुतेक लोक इथे थांबतात. लगेच पुढे याकोब म्हणतो की, चांगलं काय ते कळत असून जो करत नाही, त्याला ते पाप आहे. आणि त्याला लागूनच येतात शेतात कापणी करणारे मजूर, ज्यांची मजुरी मालकांनी दाबून ठेवली आहे. ती दाबलेली मजुरी आरडाओरड करते आहे आणि तो आवाज देवाच्या कानी गेला आहे, असं तो सांगतो. उद्याच्या बेतात देवाला घ्या म्हणणारा माणूस चार ओळींत मजुराच्या पैशांपाशी येतो, हे मला फार मोलाचं वाटतं. नफ्याच्या योजनेवर वरून 'देवाची कृपा' असं छापून भागत नाही. आत कोणाचं देणं थकलंय, तेही तो बघणार.

गुरुजींचं घर बांधलं जात असताना मी ते पाहिलं आहे. शनिवार आला की गवंडी आणि बिगारी यांच्या पैशांचं पाकीट आधी बाजूला निघे. एका आठवड्यात सिमेंटला पैसे उरले नाहीत, तर काम थांबलं. पाकीट थांबलं नाही. मी म्हणालो, "गुरुजी, दोन दिवसांनी दिलं तर काय बिघडतं? ओळखीची माणसं आहेत." ते म्हणाले, "बेतावर प्र. इ. लिहिलंय मी. आता त्याला बघू नको कसं म्हणू?"

आपण देवाला बेतात घेणं म्हणजे काही न ठरवणं समजतो. पण बायबलमधला पौल बघा. किती बेत करणारा माणूस! इफिसच्या लोकांना सांगून निघतो की, देवाची इच्छा असेल तर परत येईन, आणि खरोखर परत जातो. त्याआधीच्या एका हकिकतीत आशिया प्रांतात त्याला अडवलं जातं. मग तो बिथुनियाकडे निघतो, तिथेही वाट बंद. शेवटी त्रोवस नावाच्या बंदरात येतो. तिथे रात्री दृष्टांतात मासेदोनियाचा एक माणूस 'इकडे येऊन आम्हाला मदत कर' म्हणून विनवताना दिसतो आणि पौल समुद्र ओलांडून युरोपच्या भूमीवर उतरतो. पुढे रोमच्या लोकांना तो लिहितो की, स्पेनला जाताना वाटेत तुमच्याकडे येईन. रोमला तो पोचला, पण कैदी म्हणून, वाटेत माल्टा बेटाजवळ जहाज फुटल्यावर. तो स्पेनला गेला की नाही, याबद्दल नवा करार गप्प आहे. इतके बेत मोडूनही हा माणूस पुढचा बेत करतोच आहे.

आणि येशूची गेथशेमाने बागेतली रात्र. तिथे येशूही एकदम 'तुझी इच्छा' म्हणत नाही. हा प्याला माझ्यापासून दूर कर, हे आपलं मागणं तो आधी स्पष्ट बोलतो आणि मग स्वतःला पित्याच्या हवाली करतो. गुरुजी म्हणतात, "आपल्याला काय हवंय ते लपवून देवाला सामील करता येत नाही. मनातलं एक, प्रार्थनेतलं दुसरं, मग त्याने करायचं काय?"

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. देवावर हवाला ठेवणारी, पण हिशेबाला चोख बाई. त्यांच्या शारदा सदनासाठी अमेरिकेतल्या मंडळानं दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. मुदत संपत आली तेव्हा पुढची सोय म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली. फळबाग लावावी, उत्पन्नावर संस्था चालवावी, असा व्यवहारी बेत. तेवढ्यात १८९६-९७चा दुष्काळ आला. स्वतः रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावलेले. त्या मध्य प्रांताकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, इतक्या मुली शहरात ठेवायला परवानगी नाही. मग बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर मुलींसाठी छपरं उभी राहिली. केडगावचं मुक्ती सदन असं वाढलं. फळांचा बेत बाजूला पडला, पण तो केला होता म्हणून पायाखाली जमीन होती. पुढे आपलं काम मनोरमा, त्यांची एकुलती मुलगी, सांभाळेल असं त्यांनी धरलं होतं. ती १९२१ साली गेली आणि दुसऱ्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई. पहिल्या घटनेचा अर्थ लावणं सोपं आहे. दुसरीचा लावायला माझी जीभ धजत नाही.

गुरुजींच्या घरीही असं घडलं. २००८च्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं होतं की, मे अखेरीला निवृत्ती, दिवाळीनंतर गावी जाऊन अभ्यासवर्ग, प्र. इ. त्यांचं गाव पाथर्डी तालुक्यात. दिवाळी झाली की तिथली माणसं ऊसतोडीला निघतात, काही पोरं आजीजवळ मागे राहतात. त्या पोरांना संध्याकाळी गोळा करून शिकवायचं, आठवड्याचे चार दिवस तिथेच राहायचं. फळा घेतला, कंदील घेतले, कोणत्या घरातली किती मुलं, याची यादीसुद्धा केली. ऑगस्टमध्ये मावशींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गावचा बेत संपला.

पुढच्या वर्षी आमच्या मागच्या गल्लीत मोठी इमारत उभी राहत होती. बांधकामावरच्या मजुरांची पोरं दिवसभर वाळूत लोळायची. गुरुजींनी तो फळा आपल्या ओसरीत टांगला. खाटेवर मावशी, खाली दहा-बारा पोरं. हळूहळू मावशींची वाचा थोडी परतली, ती पोरांबरोबर पाढे म्हणता म्हणता. मला ते दृश्य फार भावलं. मी म्हणालो, "गुरुजी, म्हणजे देवाच्या मनात हेच होतं तर!"

गुरुजी माझ्यावर चिडले. शांत माणूस, पण चिडले. म्हणाले, "मला नाही माहीत त्याच्या मनात काय होतं. हिला पाडण्यात त्याचा काही डाव होता, असं मी म्हणणार नाही. आणि गावातल्या त्या पोरांचं काय झालं? ती तशीच राहिली ना? वाट बंद झाली म्हणजे देवानंच केली, असं दर वेळी नसतं. कधी ती आपल्यालाच उघडता येत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "तू शनिवारी मोकळा असतोस. जाशील?"

मी सवयीनं म्हणालो, "इन्शाअल्लाह."

"हे हो आहे की नाही?"

श्रोतेहो, पन्नास ओळींची कविता लिहिणं सोपं, त्या प्रश्नाला उत्तर देणं अवघड होतं. मी हो म्हणालो. त्या हंगामात एसटीनं शनिवारी जात राहिलो. सगळे शनिवार नाही. चार-पाच चुकवले, त्यांतले दोन निव्वळ आळसानं. पोरांनी मला गुणाकार कमी आणि उसाच्या फडातल्या गोष्टी जास्त शिकवल्या. पुढचे काही हंगाम गेलो, मग खंड पडला. पण आता कोणी बोलावलं तर इन्शाअल्लाह म्हणण्याआधी मी पाकिटातली डायरी काढून तारीख बघतो. मुलगी सासरी गेली, परवा फोनवर म्हणाली, "अब्बा, तुमच्या इन्शाअल्लाहचा भाव जरा वधारलाय."

मावशी आता काठीनं चालतात. गुरुजी पंच्याहत्तरीला आले, हात कापतो, अक्षर वाकडं येतं. या १ जानेवारीला नेहमीसारखा केक खायला गेलो. डायरी पुढे आली. मावशींचा चष्मा बदलणे, प्र. इ. जाईला मांडव, प्र. इ. आणि तिसऱ्या ओळीत : गावचा शनिवारचा वर्ग पुन्हा सुरू, कवी. पुढची जागा कोरी.

म्हटलं, "गुरुजी, इथे प्र. इ. राहिलं."

"ते तू लिही," ते म्हणाले, "तुझ्या भाषेत लिही. पण आधी एसटीची वेळ बघून ये."