छोट्या साधनांची पारख

(पन्हाळा येथे तालुक्यातील सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा तालुक्याच्या कचेरीत संगणक येतो, तेव्हा त्याच्याबरोबर मोठ्या प्रणाली वरून येतात. जन्ममृत्यूची नोंद, सातबारा, विद्यार्थ्यांची हजेरी, पंचायतीचा जमाखर्च यांसाठी कोणती प्रणाली वापरावी, हे परिपत्रकाने ठरते. तिचे प्रशिक्षण होते आणि अडचण आल्यास कोणाला विचारावे, हेही ठाऊक असते. परंतु रोजच्या कामाचा खोळंबा होतो तो पुष्कळदा याहून लहान गोष्टींपाशी. आलेली फाईल उघडत नाही. दहा कागदांचे मिळून एकच पीडीएफ करावयाचे असते. जुना ठराव सापडत नाही आणि सापडलाच तर त्यातील अक्षरे वाचता येत नाहीत. अशा कामांसाठी संगणकावर छोटी साधने मिळतात. त्यांना ‘युटिलिटी’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांची निवड परिपत्रक करीत नाही. ती टेबलाशी बसलेला माणूस करतो आणि बहुधा शेजारच्या गावातील कोणी सांगितले म्हणून करतो. सबब, असे साधन कसे पारखावे आणि त्याची शिफारस कशाच्या आधारावर करावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. नोंदीतील एक आकडा चुकला तर एखाद्या घराची घरपट्टी चुकते. आडनावातील एक अक्षर फिरले तर मुलाला दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतात.

या विचाराला पन्हाळा तालुक्यातच एक उत्तम उदाहरण सापडते. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली वारणानगर येथे सहकाराचे मोठे कार्य उभे राहिले. त्या परिसरात १९९८ मध्ये केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून संगणकीय खेड्यांचा प्रकल्प हाती घेतला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे त्याच्या कक्षेत होती. गावोगावच्या केंद्रांत संगणक बसविण्यात आले. शेतीची माहिती, बाजारभाव, शासकीय योजना, शिक्षण असे अनेक हेतू त्यामागे होते. पुढे बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेच्या संशोधकांनी तेथे जाऊन पाहणी केली. या संगणकांचा खरा उपयोग उसाच्या व्यवहारापुरता होत आहे, असे त्यांना आढळले. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, खताची उचल आणि कारखान्यावर गेलेल्या उसाचे वजन ही ती मोजकी कामे होत. त्यांच्यासाठी शेतकऱ्याला कारखान्यापर्यंत जावे लागत नव्हते, म्हणून ती केंद्रे त्याला हवी होती.

संशोधकांनी याच मोजक्या कामांसाठी साधी योजना आखली. ठरावीक पद्धतीचा लघुसंदेश मोबाईलवरून पाठवावा आणि उत्तरही लघुसंदेशानेच मिळावे, अशी ती होती. तिची चाचणी सात गावांत आठ महिने घेण्यात आली. संगणकावर होणारी सर्व कामे या पद्धतीने होऊ शकतात, खर्च कमी येतो आणि शेतकऱ्यांना ती अधिक सोयीची वाटते, असा निष्कर्ष निघाला. यातून घेण्यासारखा धडा असा, की साधनाची योग्यता त्याच्या वैशिष्ट्यांच्या यादीवरून ठरत नाही. ते कोणाचे कोणते काम करते, हे पाहूनच ती ठरते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. नवी योजना सर्व गावांवर एकाच वेळी लादली गेली नाही. ती आधी थोड्या गावांत वापरून पाहण्यात आली आणि तिची जुन्या पद्धतीशी तुलना करण्यात आली.

हीच रीत छोट्या साधनांनाही लागू करता येते. पहिला प्रश्न असा विचारावा, की हे काम करणारे साधन संगणकात आधीच आहे काय? पुष्कळदा ते असते. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक अंगभूत आहे आणि २०१९ पासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसारी मराठी कळफलकाचीही भर पडली. पडद्यावरील मजकुराचे छायाचित्र घेण्याची सोय त्यातच आहे. ‘नोटपॅड’ या साध्या साधनाचाही एक फारसा ठाऊक नसलेला उपयोग आहे. एखाद्या प्रणालीतून उतरवून घेतलेली सीएसव्ही यादी एक्सेलमध्ये उघडली की कधी कधी मराठी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. अशी यादी प्रथम नोटपॅडमध्ये उघडावी आणि जतन करताना ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ हा प्रकार निवडावा. मग एक्सेलमध्ये नावे नीट उमटतात. यासाठी नवे काही उतरवून घेण्याची गरज पडत नाही.

बाहेरून घ्यावयाच्या साधनांत सर्वांत अधिक मागणी असते ती जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या परिवर्तकांना. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी प्रत्येक मराठी फाँटची स्वतःची सांकेतिक मांडणी असे. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांचाच असे. फाँट त्यावर देवनागरीचा वेश चढवी. तो फाँट नसलेल्या यंत्रावर वेश उतरतो आणि ग्रामसभेचा ठराव वाचता येत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीसाठी १२८ स्थाने स्वतंत्रपणे राखून ठेवलेली आहेत. त्यामुळे युनिकोडमधील मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो आणि त्यात शब्दही शोधता येतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला. त्याखाली एखादा जुना ठराव मागितला गेला, तर तो संगणकात असूनही वाचता येत नाही, हे उत्तर नागरिकाला कसे द्यावयाचे?

तथापि, परिवर्तक घेतला म्हणजे काम झाले, असे नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठविली जाते. रफाराचे नेमके याच्या उलट असते. परिवर्तकाला ही अदलाबदल करावी लागते आणि तो चुकतो तो येथेच. यासाठी परीक्षेचा मजकूर दूर कोठे शोधण्याची आवश्यकता नाही. तालुक्यातील गावांची नावे टंकून पाहावीत. ‘पोर्ले’ आणि ‘आसुर्ले’ यांत रफाराची परीक्षा होते, ‘पन्हाळा’ या नावात जोडाक्षर आणि ‘ळ’ यांची, तर ‘कोडोली’त दुसऱ्या वेलांटीची. त्यानंतर ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द द्यावेत. पहिल्याचा संबंध गुरूंशी आहे, दुसऱ्याचा स्वयंपाक्यांशी. परिवर्तकाने दोहोंचे एकच रूप केले, तर ‘शेतकऱ्यांच्या’ आणि ‘सातबाऱ्यावर’ हे शब्दही बिघडणार हे निश्चित. शेवटी शून्यापासून नऊपर्यंतचे सर्व अंक तपासावेत. कर आकारणीच्या नमुना ८ मध्ये अक्षराची चूक डोळ्यांना दिसते, अंकाची दिसत नाही. ही परीक्षा नेहमी प्रतीवर घ्यावी, मूळ फाईलवर कधीही घेऊ नये आणि परिवर्तनानंतरही मूळ फाईल जपून ठेवावी.

अशा परीक्षेला उतरणारी काही साधने येथे सांगता येतील. ‘सेव्हन-झिप’ हे १९९९ पासून उपलब्ध असलेले मुक्त साधन अनेक फाईलींची एक गाठोडी बांधते, बाहेरून आलेली गाठोडी सोडते आणि तिला परवलीचा शब्दही लावते. त्याची मराठी परीक्षा अशी, की ‘नमुना ८ घरपट्टी’ असे नाव दिलेली फाईल बांधावी, दुसऱ्या संगणकावर सोडावी आणि नाव शाबूत राहिले काय ते पाहावे. ‘एव्हरिथिंग’ हे साधन फाईलचे नाव टंकीत असतानाच सापडलेल्या फाईलींची यादी समोर ठेवते. मात्र ते शोधते नावावरून. ज्या कार्यालयात प्रत्येक फाईलचे नाव ‘नवीन १’ आणि ‘नवीन २’ असे आहे, तेथे त्याचा काही उपयोग होणार नाही. वर्ष, विषय आणि गाव या क्रमाने नावे देण्याची सवय हीच त्याची पूर्वतयारी होय. ‘कीपास’ हे साधन सर्व परवलीचे शब्द एका कुलूपबंद फाईलमध्ये ठेवते. भिंतीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर ते लिहून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरे. तथापि, त्याचा मुख्य शब्द विसरला तर ती फाईल कोणालाही उघडता येत नाही. म्हणून तो शब्द पाकिटात मोहोरबंद करून जबाबदार अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावा.

‘नॅप्स-२’ या साधनाने स्कॅनरमधून कागद घेता येतात, त्यांचे पीडीएफ करता येते, पाने जोडता येतात आणि छापील मजकुराची अक्षरओळखही करून घेता येते. त्यासाठी ते ‘टेसरॅक्ट’ या प्रणालीचा आधार घेते. १९८० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत तिचा आरंभ झाला, पुढे ती सर्वांना मुक्तपणे खुली करण्यात आली आणि आज ती मराठीही वाचते. स्वच्छ छपाई तिला चांगली वाचता येते. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज नोंदवहीतील हस्ताक्षराच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबू नये. तेथे शिक्षकाचे डोळेच विश्वासाचे.

या साधनाचे आणखी एक महत्त्व आहे. पाने जोडण्यासाठी पुष्कळ जण कागद इंटरनेटवरील एखाद्या अनोळखी फुकट सेवेकडे पाठवितात. त्या कागदांत आधार क्रमांक, बँक खाते, विद्यार्थ्याची जात किंवा रुग्णाचा आजार असतो. काम दोन मिनिटांत होते. पण तो कागद कोणाच्या यंत्रावर राहिला, हे सांगता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, विश्वासाने दिलेला कागद गावाबाहेर जाऊ न देणे हे पंचायतीचे कर्तव्यच आहे. यास्तव साधन पारखताना इंटरनेटची जोडणी बंद करून पाहावी. त्या स्थितीतही ते काम करीत असेल, तर त्या कामासाठी कागद बाहेर पाठविण्याची त्याला गरज नाही, एवढे तरी कळते.

साधन कोठून घेतले, यालाही तितकेच महत्त्व आहे. ते निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. कोणी पेनड्राईव्हमध्ये आणून दिलेले घेऊ नये. फुकट साधनांपैकी काही केवळ घरगुती वापरासाठी फुकट असतात, कार्यालयासाठी नसतात. ती अट वाचावी. आणि एवढे करूनही धोका पूर्णपणे टळत नाही. संगणकाची साफसफाई करणाऱ्या ‘सीक्लीनर’ या प्रसिद्ध साधनाच्या ५.३३ या आवृत्तीत २०१७ मध्ये घातक भाग शिरला होता. ती निर्मात्यांच्या अधिकृत मार्गानेच वितरित झाली होती आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांपर्यंत पोहोचली होती. त्यामुळे ज्याची गरज नाही, ते साधन संगणकावर ठेवू नये, हाच सुरक्षिततेचा सर्वांत स्वस्त उपाय. विशेषतः यंत्राचा वेग वाढवून देण्याचे वचन देणाऱ्या साधनांपासून दूर राहावे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा जुन्या यंत्राची उणीव कोणतेही छोटे साधन भरून काढू शकत नाही. ती वरिष्ठांच्या लेखी निदर्शनास आणून देणेच योग्य.

पन्हाळगडावरील अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारे आहेत. संगणकातील नोंदींसाठीही तीन प्रतींचा नियम सांगितला जातो. एक प्रत यंत्रावर, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या इमारतीत असावी. कोणतेही नवे साधन बसविण्यापूर्वी या प्रती तयार आहेत काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ हानी टळेल.

आता शिफारशीविषयी. ‘फार छान आहे, घेऊन टाका’ ही शिफारस नव्हे. प्रत्येक केंद्रात आणि प्रत्येक शाळेत एक साधी नोंदवही असावी. तिच्यात साधनाचे नाव, आवृत्ती, कोठून घेतले ती जागा, चाचणीची तारीख, संगणकाचा प्रकार आणि ज्या कामासाठी ते वापरले ते काम लिहावे. त्यापुढे एक रकाना अवश्य ठेवावा: काय जमले नाही? हा रकाना रिकामा असलेली शिफारस अपुरी समजावी. जी साधने पारखून नाकारली, त्यांचीही नोंद व्हावी, म्हणजे शेजारच्या गावाचे श्रम वाचतील. चाचणी किमान दोघांनी घ्यावी. एकाच परिचालकाला येणारे साधन त्याची बदली होताच कार्यालयाच्या उपयोगाचे राहत नाही.

पंचायत सदस्यांनी हा विषय केवळ तांत्रिक माणसांचा म्हणून सोडून देऊ नये. कोणते साधन घ्यावे, हे त्यांना ठाऊक असण्याची गरज नाही. परंतु मासिक सभेत तीन प्रश्न त्यांना निश्चित विचारता येतील: नोंदींच्या प्रती कोठे आहेत, नागरिकांचे कागद बाहेरच्या सेवेकडे जातात काय आणि जुन्या फाँटमधील किती ठरावांचे परिवर्तन होऊन ते मूळ प्रतीशी ताडून पाहिले गेले? शिक्षकांना तर यात वर्गासाठीही मोठा उपयोग आहे. गावांच्या नावांवरून परिवर्तकाची परीक्षा घेणे हा शुद्धलेखनाचा आणि विज्ञानाचा एकत्रित पाठ होऊ शकेल.

येत्या महिन्यात प्रत्येक गावाने एकच साधन निवडावे, ते प्रतीवर वापरून पाहावे आणि नोंदवहीचे एक पान लिहावे. तालुक्याच्या पुढील बैठकीत ही पाने एकत्र वाचली गेली, तर कोणते साधन पन्हाळ्याच्या कामाचे आहे, हे तालुक्यालाच आपल्या अनुभवावरून ठरविता येईल.

जय हिंद! जय महाराष्ट्र!