दोन गाड्या, एक वही

 आम्ही पौडजवळच्या एका वाडीतल्या बचत गटाच्या दहा जणी. आज आम्ही विजेच्या मोटारीबद्दल बोलणार आहोत. बायकांना गाडीतलं काय कळतं, असं कुणी म्हणालंच, तर त्यालाही रेडिओजवळ बसवा.

झालं असं, की आमच्यातली सगळ्यांत धाकटी मोटार चालवायला शिकली. लायसन्स हातात आलं आणि तिनं बैठकीत विषय काढला, "मला गाडी घेऊन भाड्यानं चालवायची आहे." आपला मुळशी तालुका मोठा विचित्र. एका टोकाला हिंजवडीच्या कंपन्या, दुसऱ्या टोकाला ताम्हिणी घाट. सकाळी कामावर जाणाऱ्या बाया-मुली वाहनासाठी रस्त्यावर उभ्या असतात, शनिवार-रविवारी पाहुण्यांची गर्दी. तेव्हा धंदा होता. पण त्यासाठी तिचं सोनं तारण जाणार होतं, गटाच्या अंतर्गत कर्जातूनही पैसे जाणार होते. म्हणून गटानं ठरवलं, गाडी तिची, पण बघायला आपण सगळ्या जायचं.

ही गोष्ट २०२४ च्या सुरुवातीची. चौकशी करता करता दोन गाड्या उरल्या. एक टाटांची नेक्सॉन ईव्ही, दुसरी महिंद्रांची एक्सयूव्ही ४००. दोन्ही उंच बांध्याच्या, पाच जणांच्या, साधारण पंधरा लाखांपासून पुढं. दोन्हींत लहान आणि मोठी अशा दोन बॅटऱ्या मिळत होत्या.

पहिल्या शोरूममध्ये आम्ही सहा जणी गेलो, सोबत धाकटीचा भाऊ होता. विक्रेता सगळं त्या भावाला सांगत होता. किती ताकद, किती सेकंदात किती वेग. शेवटी आमच्या काकू म्हणाल्या, "दादा, कर्जाच्या कागदावर सही हिची आहे. हिच्याकडं बघून बोला." त्यानंतर तो नीट बोलला. मैत्रिणींनो, हे आधीच सांगून टाकत जा. वेळ वाचतो.

घरी आलो तेव्हा हातात दोन चकचकीत पुस्तिका होत्या आणि डोकं भणभणत होतं. एकीत लिहिलं होतं, मोठ्या बॅटरीची नेक्सॉन एकदा भरली की ४६५ किलोमीटर. दुसरीत, मोठ्या बॅटरीची एक्सयूव्ही ४५६ किलोमीटर. या नऊ किलोमीटरवर आम्ही तासभर भांडलो. मग हिशेब ठेवणाऱ्या वहिनींनी गटाची वही उघडली आणि विचारलं, "आपण रोज जाणार कुठं, ते आधी लिहा."

लिहिलं. पौड ते हिंजवडी सकाळ-संध्याकाळ फेऱ्या, मधे कुणाला दवाखान्यात नाहीतर पुण्याला. रोजचे १२० किलोमीटर. महिन्यातले २५ दिवस धरले तर ३,००० किलोमीटर. कधीतरी ताम्हिणी उतरून माणगाव, म्हणजे जाऊन-येऊन साधारण दीडशे-एकशेसाठ. एवढंच. ४६५ ची गरज आमच्या वहीत कुठंच नव्हती.

पुस्तिकेतला आकडा चाचणीतला असतो, हेही लक्षात ठेवा. पाच माणसं, चालू एसी, चढाचा रस्ता, यात तो बराच खाली येतो. आम्ही सरळ साठ टक्के धरले. लहान बॅटरीच्या नेक्सॉनचा आकडा ३२५, त्याचे झाले १९५. लहान बॅटरीच्या एक्सयूव्हीचा ३७५, त्याचे झाले २२५. रोजच्या १२० ला दोन्ही पुरतात. माणगावला जायचं तर नेक्सॉनला जरा जपून, एक्सयूव्हीला सैल. मोठी बॅटरी घ्यायची म्हणजे कोल्हापूरला जाण्याच्या स्वप्नाचा हप्ता रोज भरायचा. ती आम्ही सोडली. वरच्या मॉडेलचं सनरूफही सोडलं. आभाळ बघायला आपल्याकडं अंगण आहे.

मग गाड्या आमच्या रस्त्यावर मागवल्या. शोरूमजवळच्या गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या. आम्ही म्हटलं, पौडला आणा, पाच जणी बसणार आणि मालेपर्यंत जाणार. धाकटीच्या सासूबाईंना मुद्दाम मागं बसवलं, कारण त्यांचे गुडघे दुखतात. नेक्सॉनची लांबी चार मीटरच्या आत, ३,९९४ मिलिमीटर. एक्सयूव्हीची ४,२००. हा वीतभर फरक मागं बसल्यावर कळला. एक्सयूव्हीत तिघी मोकळ्या बसल्या, नेक्सॉनमध्ये मधलीला थोडं सावरून बसावं लागलं. डिकी एकीची ३५० लिटर, दुसरीची ३७८. तांदळाची पोती दोन्हींत बसली. पण आमच्या वाडीतल्या वळणावर नेक्सॉन एका दमात वळली, एक्सयूव्हीला मागंपुढं करावं लागलं. जमिनीपासूनची उंचीही लहान बॅटरीच्या नेक्सॉनची ५ मिलिमीटर जास्त, २०५. एक्सयूव्हीची २००. खडीच्या रस्त्यावर दोन्ही घासल्या नाहीत. चढाला दोन्ही जोरात.

उतारावर एक गंमत बघितली. पाय उचलला की गाडी आपोआप धिमी होते आणि बॅटरीत थोडी वीज परत जाते. सासूबाईंना हे पटेना. त्यांना आम्ही आपल्याच धरणाचं उदाहरण दिलं. ज्या धरणासाठी १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला, त्याचं पाणी खाली कोकणात भिऱ्याला उतरतं आणि तिथं वीज तयार होते. तसंच गाडीचं. वजन खाली उतरताना चाकं मोटर फिरवतात, मोटर वीज तयार करते. मात्र घाट चढताना जेवढी खर्च होते तेवढी सगळी परत मिळत नाही. फुकट काहीच नसतं.

सासूबाईंनी दुसरा प्रश्न विचारला आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. "आषाढात चार-चार दिवस लाईट जाते. तेव्हा गाडी काय दारात पूजेला ठेवायची?" पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. आम्ही शोधलं ते असं. विजेची गाडी रिकामी होईपर्यंत थांबायचं नाही, मोबाईलसारखी रोज रात्री भरायची. पावसाळ्यात निम्म्याखाली जाऊच द्यायची नाही. लाईट गेलीच, तर पुण्याच्या फेरीत जलद चार्जिंगवर तासभर लावायची. तिथला दर घरच्यापेक्षा जास्त असतो, तेव्हा ती सोय अडीअडचणीची. नकाशात दिसणारं केंद्र चालू आहे का, ते फोन करून विचारायचं. आणि ओढ्याला पूर असेल तर थांबायचं. दोन्ही गाड्यांच्या बॅटरीत पाणी शिरत नाही असा दाखला आहे, पण तो बॅटरीचा. वाहत्या पाण्यात गाडी कुठलीही वाहून जाते.

आता पैसे. वहिनींची वही पुन्हा उघडू. एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरले, तर रोज १८ ते २० युनिट. महिन्याला ५००. इथंच पाय घसरतो बरं का. घरगुती मीटरवर १०० युनिटनंतर दर चढतो, ३०० नंतर आणखी चढतो. घरचा वापर आणि गाडीचा वापर एकाच मीटरवर आला, की वाढलेले युनिट वरच्या दरात जातात. म्हणून आधी महावितरणच्या कचेरीत जा. भाड्याची गाडी घरच्या मीटरवर चालेल का, वेगळा मीटर मिळेल का, मंजूर भार किती वाढवावा लागेल, हे विचारा. घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वायरीवर गाडी लावू नका.

युनिट १० रुपये पडला तर महिना ५,००० रुपये. १५ पडला तर ७,५००. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं धरलं, तर २०० लिटर, म्हणजे २१,००० रुपये. वाचले साडेतेरा हजार तरी. ऐकायला गोड. पण बँकेनं सांगितलं होतं, बारा लाख घ्या, सात वर्षं फेडा. दहा टक्क्यांनी हप्ता साधारण २०,००० रुपये. म्हणजे नुसत्या वाचलेल्या पेट्रोलवर हप्ता निघत नाही, भाडं मिळालंच पाहिजे.

आणि मग धाकटीनंच एक गोष्ट पकडली. दोन्ही कंपन्यांची बॅटरीची हमी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. आम्ही सगळ्यांनी आठ वर्षंच ऐकलं होतं. तिनं भागाकार केला. महिन्याला ३,००० म्हणजे ५३ महिने. साडेचार वर्षांतच हमी संपली! पुढं अडीच वर्षं हप्ते चालू आणि बॅटरीची जबाबदारी आपली. बॅटरी हा गाडीतला सगळ्यांत महाग भाग.

त्या रात्री बेत मोडतो की काय असं वाटलं. पण मोडला नाही, बदलला. कर्ज बारा ऐवजी दहा लाख, सात ऐवजी पाच वर्षं. हप्ता साधारण २१,२५० रुपये. जवळपास तेवढाच, पण हमी संपते त्याच सुमारास कर्ज संपतं. कमी पडलेले पैसे लहान बॅटरी घेतल्यामुळं, सनरूफ सोडल्यामुळं आणि गटाच्या कर्जातून निघाले. भाड्याच्या वापरालाही हीच हमी लागू आहे का, हे शोरूमकडून लेखी घेतलं. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं.

कागदांचंही सांगतो. विजेच्या गाडीची नंबर पाटी हिरवी. खासगी असेल तर अक्षरं पांढरी, भाड्याची असेल तर पिवळी. २०१८ पासून विजेच्या भाड्याच्या गाडीला परमिट लागत नाही, पण व्यावसायिक विमा आणि फिटनेस लागतो. खासगी पाटीवर भाडं मारू नका. अपघात झाला तर विमा हात वर करतो.

शेवटी कुठली घेतली? आम्ही एक्सयूव्ही घेतली. कारण आमच्या गाडीत रोज मागं तीन जणी पैसे देऊन बसणार होत्या. घरच्या वापरासाठी, अरुंद बोळात घर असणारीसाठी आम्ही नेक्सॉनच सांगितली असती. ती स्वस्तही पडत होती. सुरक्षेच्या भारत एनकॅप चाचणीत पुढं त्याच वर्षी दोन्हींना पाच तारे मिळाले. म्हणजे वाईट दोन्ही नव्हत्या. प्रश्न आमच्या वहीला कुठली जुळते एवढाच होता.

आज धाकटी सकाळी सव्वासातला निघते. मागं तीन जणी, पुढं एक. सासूबाई रात्री स्वतः चार्जिंगचा दिवा बघून झोपतात. सोनं अजून तारणच आहे. ते सुटेल त्या दिवशी आम्ही पेढे वाटू.

मैत्रिणींनो, गाड्या दरवर्षी बदलतात, आकडे बदलतात. आज शोरूममध्ये दुसऱ्याच दोन गाड्या उभ्या असतील. पण विचारायचं तेच. आपण रोज किती जातो? मागं कोण बसणार? लाईट गेली तर काय? हमी किलोमीटरनं कधी संपते, आणि हप्ता कधी? ही चार उत्तरं वहीत लिहा आणि मगच शोरूमची पायरी चढा.