भूत काढण्याचा अधिकार

ख्रिस्ताच्या नांवानें भुतें काढण्याचा अधिकार आज कोणास आहे? मार्काच्या शुभवर्तमानांत तो विश्वास ठेवणारांस दिलेला आहे. रोमन कॅथॉलिक पंथाच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें मात्र बिशपाच्या स्पष्ट परवानगीवांचून भूतबाधा झालेल्यावर हा विधि कोणासही करतां येत नाहीं. पण परवानगीनें जबाबदारी सरते काय? जर्मनींतील अ‍ॅनेलिसे मिशेल या तरुणीवर बिशपाच्या संमतीनेंच ६७ वेळां हा विधि झाला. तिचें अन्न सुटलें. अखेरीस डॉक्टरही बोलाविला नाहीं. १९७६ सालीं, वयाच्या २३ व्या वर्षीं, ती वारली. १९७८ सालीं न्यायालयानें आईबाप व दोघे धर्मगुरु यांस तिच्या मृत्यूस कारण झालेल्या हयगयीबद्दल दोषी ठरविलें. १९९९ चा सुधारित विधि धर्मगुरूस वैद्यकीय तज्ज्ञांचा सल्ला घेण्यास सांगतो. अधिकार कोणाचाही असो, रोग्यास अन्न व औषध मिळतें कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.