छिंगछिपची सैनिकी शाळा : विश्वासाची पायाभरणी



सैनिकी शाळा म्हटले की महाराष्ट्रीय मनाला साताऱ्याचे स्मरण होते. ते स्वाभाविकच आहे. देशातील पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच सुरू झाले. तत्कालीन संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांची ही कल्पना. सैन्यातील अधिकारपदे ही काही ठरावीक प्रांतांची आणि वर्गांची मिरासदारी राहू नये, सामान्य घरातील मुलानेही खडकवासल्याच्या प्रबोधिनीचा उंबरठा ओलांडावा, हा तिचा हेतू. जमीन आणि इमारती राज्याने द्याव्यात, प्राचार्य व प्रमुख अधिकारी सैन्यदलांनी पुरवावेत, अशी ती रचना.

आज मात्र मला आपल्याला मिझोरमच्या डोंगरांत न्यायचे आहे. ऐझॉलहून दक्षिणेकडे लुंगलेईच्या वाटेवर, सेरछिप जिल्ह्यात छिंगछिप नावाचे गाव आहे. तेथे सैनिक स्कूल सुरू झाले ते २०१७ साली. म्हणजे साताऱ्यानंतर छप्पन्न वर्षांनी. आसामात गोलपाडा येथे १९६४ साली, मणिपुरात इंफाळला १९७१ साली आणि नागभूमीत पुंगल्वा येथे २००७ साली अशी शाळा निघाली. मिझोरमची पाळी त्यानंतर आली.

या भूमीचा पूर्वेतिहास विसरून त्या शाळेचे मोल कळणार नाही. १९५९ साली तेथे बांबूला फुलोरा आला, उंदरांचा सुळसुळाट झाला आणि उभी पिके फस्त झाली. दुष्काळात शासनाची मदत अपुरी पडली. त्या असंतोषातून लालडेंगांचे संघटन उभे राहिले. १ मार्च १९६६ रोजी मिझो नॅशनल फ्रंटने स्वातंत्र्य घोषित केले. चारच दिवसांनी ऐझॉलवर आपल्याच वायुदलाची विमाने धाडली गेली. १९६७ पासून रस्त्यालगतच्या वसाहतींत गावेच्या गावे हलविण्यात आली. जुनी घरे जाळली गेली. बंड मोडणे राष्ट्राच्या अखंडतेसाठी अपरिहार्य होते, हे खरे. परंतु निरपराध ग्रामस्थाने जे सोसले, तेही तितकेच खरे. त्याच्या लेखी सैनिकाचा गणवेश म्हणजे भय, हे समीकरण होऊन बसले.

३० जून १९८६ रोजी करार झाला. २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोरम राज्य झाले. बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवली आणि ती शांतता टिकली. तथापि, कराराने बंदुका थांबतात. मने जुळायला पिढ्या लागतात. ज्या वाटेवरून एके काळी सैनिकी ताफे जात, त्याच वाटेवर आज मिझो बालके कवायत करतात, हे म्हणूनच लहान काम नव्हे.

मिझो समाजाला ही शिस्त परकी नाही. पूर्वी प्रत्येक गावात ‘झॉलबुक’ असे. तेथे अविवाहित तरुण एकत्र राहत आणि गावाचे रक्षण करीत. स्वतःआधी इतरांचा विचार करण्याच्या वृत्तीला ते ‘त्लॉमङाइह्ना’ म्हणतात. इंग्रजी अमदानीत झॉलबुक लयाला गेले, पण ती वृत्ती टिकली. वसतिगृहातील सामूहिक जीवन त्या मुलांना परके का वाटावे?

आणि एका बाबतीत तर या दूरस्थ शाळेने साऱ्या देशाला वाट दाखविली. २०१८ साली, प्रायोगिक तत्त्वावर, सैनिक स्कूलचे दार मुलींना प्रथम उघडले ते छिंगछिप येथे. पुढे २०२१ साली सर्वच सैनिक स्कूलांत मुलींना प्रवेश देण्याचा निर्णय घोषित झाला. २०२२ साली खडकवासल्यात पहिल्या छात्रा दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांतील सतरा जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

मित्रहो, अशा शाळेचे यश केवळ किती अधिकारी घडले यावर मोजू नये. ज्या आजोबांनी आपले घर जळताना पाहिले, त्यांनी नातवाला त्याच गणवेशात आनंदाने पाहावे, हे तिचे खरे यश. राष्ट्रीय एकात्मता भाषणांनी साधत नाही. ती अशा शाळांतून, संथपणे, विश्वासाच्या बळावर आकाराला येते. ईशान्येकडे जाल तेव्हा केवळ निसर्ग पाहून परतू नका. त्या लोकांची सुखदुःखे जाणून घ्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.